पँथरचे जेवण आणि आपल्या विहाराच्या पायऱ्या



१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची प्रेरणा घेऊन. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच ब्लॅक पँथरने १९७७ साली अपंगांच्या लढ्याला रोज जेवू घातले, हा इतिहास आपल्या अभ्यासवर्गात येत नाही. तो आला पाहिजे.

सुरुवात एड रॉबर्ट्सपासून करू. हा कॅलिफोर्नियातला मुलगा. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. झोपताना आयर्न लंग नावाच्या पिंपासारख्या यंत्राशिवाय श्वास चालत नसे. शाळेने त्याचे प्रमाणपत्र अडवले. कारण काय, तर शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचा अभ्यासक्रम पूर्ण नाही! राज्याच्या पुनर्वसन खात्याने त्याला नोकरीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरवले. तरीही १९६२ साली तो बर्कलेच्या विद्यापीठात शिरला. वसतिगृहात यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहिला. मागोमाग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले आणि संघटित झाले.

१९७२ साली बर्कलेत त्यांच्या चळवळीतून स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. मदतनीस मिळवून देणे, राहण्याजोगे घर शोधणे, व्हीलचेअर दुरुस्त करणे ही कामे तिथे होत. कारभार अपंगांच्याच हाती. पुढे १९७५ साली रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन खात्याचा संचालक झाला.

अमेरिकेत १९७३ साली पुनर्वसन कायदा झाला होता. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या उपक्रमांत अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, असे त्याचे कलम ५०४ सांगत होते. पण सरकारने नियमच काढले नाहीत. ५ एप्रिल १९७७ रोजी ज्युडी ह्यूमन, किटी कोन यांच्यासह शंभरावर लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ठाण मांडून बसले. त्यांत ब्रॅड लोमॅक्स हा व्हीलचेअरवरचा ब्लॅक पँथर होता. आपला माणूस आत आहे म्हटल्यावर पँथरांनी सगळ्यांसाठीच रोज गरम जेवण पोहोचवले. तीन आठवड्यांहून अधिक काळ हा ठिय्या टिकला. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

या लढ्याने 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थच बदलला. रॉबर्ट्सला आंघोळीला, जेवायला माणूस लागत होताच. पण कधी उठायचे, कुठे राहायचे, काय शिकायचे, हे तो स्वतः ठरवत होता. मदत घेणे म्हणजे गुलामी नव्हे. आपले निर्णय दुसऱ्याने घेणे ही गुलामी. बाबासाहेबांच्या लेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याचे कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देते. त्यासाठी मदतनिसासह सेवा मिळाव्यात, असेही म्हणते. वस्तीत मात्र मदतनीस म्हणजे आई, बहीण नाहीतर बायको, तीही बिनपगारी. सरकारी अनुदान मिळते ते 'निराधार' या शिक्क्यासकट. वर 'दिव्यांग' असे गोड नाव. 'हरिजन' या शब्दाला बाबासाहेबांनी विरोध का केला, ते आठवा. नाव दैवी दिले की हक्क द्यायची गरज उरत नाही! म्हणून मी या लेखात 'अपंग' हाच शब्द वापरला आहे. आणि राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये अपंगत्वात सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे, उपकाराचा नाही.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून चालणार नाही. आमच्या वस्तीतल्या विहाराला सात पायऱ्या आहेत. गेल्या १४ एप्रिलला व्हीलचेअरवरचा एक तरुण खालीच थांबला. आम्ही चौघे त्याला उचलायला धावलो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, दरवेळी उचलून न्यायला मी काय मूर्ती आहे?" आम्ही गप्प झालो. ज्यांच्या बापजाद्यांना देवळाच्या पायरीवर अडवले, त्यांनीच आपल्या माणसाला विहाराच्या पायरीवर अडवले होते.

यंदा जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या आधी रॅम्पचा खर्च काढू. आणि समितीत त्या तरुणाला खुर्ची नको. ती त्याच्याकडे आहेच. त्याला मत द्या.

जयभीम!