सर्पाच्या मुखावरील खळगा

अमरकोशांत सर्पाला 'चक्षुःश्रवा' असें एक नांव दिलें आहे. सर्पाला बाहेरून कान दिसत नाहींत. तेव्हां तो डोळ्यांनींच ऐकत असला पाहिजे, असा हा तर्क. एका इंद्रियाचें काम दुसऱ्याकडे सोंपविण्याचा हा मोह पाश्चात्य शास्त्रज्ञांनाही आवरला नाहीं, हें एका लहानशा खळग्याच्या इतिहासावरून दिसून येतें.

शेपटीचा खुळखुळा वाजविणारा जो सर्प अमेरिकेंत आढळतो, त्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस एकेक खळगा असतो. लंडनच्या एडवर्ड टायसन या वैद्यानें असा एक सर्प चिरून १६८३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें अडीच शतकें तर्क चालूच राहिले. कोणी या खळग्यास कान मानलें, कोणी घ्राणेंद्रिय, तर कोणी अश्रूंचें स्थान. १८६८ सालीं लायडिग या जर्मन पंडितानें तर हें सहावें इंद्रिय असावें असें सुचविलें.

निर्णय झाला तो १९३७ सालीं. न्यूयॉर्कच्या नोबल व श्मिट या संशोधकांनीं सर्पाचे डोळे, नाक व जीभ निरुपयोगी करून त्याच्यापुढें फडक्यांत गुंडाळलेले विजेचे दिवे हलविले. सर्पानें गरम दिवा अचूक ओळखून त्यावर झडप घातली. खळगे हीं उष्णता जाणण्याचीं इंद्रियें ठरलीं! १९५२ सालीं बुलक व कोल्स यांनीं खळग्याच्या मज्जातंतूंतील विद्युत्स्पंदनें मोजून त्यास पुष्टी दिली. खळग्यांत सुमारें पंधरा सहस्रांश मिलिमीटर जाडीचा पडदा ताणलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांस हवा असल्यामुळें तो क्षणांत तापतो. अंशाच्या तीन सहस्रांशाइतका फरकही त्यास कळतो. उष्णता ज्या बाजूनें येते, त्यानुसार पडद्याचा निराळा भाग तापतो व सर्पाला उंदराची दिशा काळोखांतही समजते.

२०१० सालीं डेव्हिड ज्यूलिअस यांच्या सहकाऱ्यांनीं या मज्जातंतूंतील उष्णता टिपणारें प्रथिन शोधून काढलें. त्याच जातीचें प्रथिन मनुष्याला मोहरीचा झणझणाट जाणवून देतें.

सह्याद्रींतील हिरव्या चापड्याच्या मुखावर असाच खळगा आहे. अजगराला ओठांच्या कडेस लहान खळगे असतात. नाग, मण्यार व घोणस यांना मात्र ते नाहींत.

टायसनची सुरी तीक्ष्ण होती, दृष्टीही सूक्ष्म होती. परंतु त्याच्यापुढें होता तो मृत सर्प. ऊब ही जिवंतपणाची खूण. तिचें इंद्रिय जिवंत सर्पालाच विचारावें लागलें.