उत्सवी रोषणाईतील डीसी नियंत्रक

गोव्यात चतुर्थी ऐन पावसाळ्यात येते, नरकासुराच्या प्रतिमा नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री उघड्यावर उभ्या राहतात आणि नाताळचा गोठा अनेकदा अंगणात मांडला जातो. अशा जागी 230 व्होल्टची तार दिव्यापर्यंत नेणे टाळायचे असेल, तर 12 किंवा 24 व्होल्ट डीसीवर चालणारे एलईडी फ्लडलाइट उपयुक्त ठरतात. त्यामुळे विजेच्या धक्क्याची भीती बरीच कमी होते. आगीची मात्र होत नाही.

या मांडणीचे तीन भाग असतात. पॉवर सप्लाय घरातील एसी विजेचे डीसीत रूपांतर करतो, नियंत्रक प्रकाशाची तीव्रता व रंग बदलतो आणि शेवटी दिवा असतो. नियंत्रक व्होल्टेज घटवत नाही. तो दिव्याची सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतो आणि डोळ्यांना प्रकाश मंद भासतो. 230 व्होल्टचा फ्लडलाइट अशा नियंत्रकाला जोडता येत नाही. खरेदीच्या वेळी दिव्यावरील व्होल्टेज वाचून घ्यावे.

व्होल्टेज कमी झाले की तेवढ्याच प्रकाशासाठी विद्युतप्रवाह वाढतो. 10 वॅटच्या चार दिव्यांना 12 व्होल्टवर सुमारे 3.3 अँपिअर लागतात. 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने ते 10 मीटरवर नेल्यास जाता-येता सुमारे 1.2 व्होल्ट वाटेतच खर्च होतात व दिवे मंदावू शकतात. 24 व्होल्टचे दिवे घेतल्यास प्रवाह निम्मा होतो आणि ही घट 0.6 व्होल्टवर येते. अंतर मोठे असेल तर 24 व्होल्ट किंवा जाड तार निवडावी.

वरील चार दिव्यांना 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा पॉवर सप्लाय पुरेसा आहे. अनेक दिव्यांसाठी 30 अँपिअरचा सप्लाय घेतल्यास प्रत्येक शाखेला, सप्लायच्या अगदी जवळ, धन तारेवर स्वतंत्र फ्यूज हवा. या चार दिव्यांच्या शाखेला 5 अँपिअरचा. तो नसेल तर तारा एकमेकींना टेकताच सप्लायचा सारा प्रवाह बारीक तारेतून धावतो आणि तिचे आवरण वितळते. नरकासुराच्या अंगातील कागद व गवत पेटायला तेवढे पुरे असते. नियंत्रकाची क्षमताही त्याला जोडलेल्या दिव्यांच्या एकूण प्रवाहाहून अधिक असावी.

पॉवर सप्लाय आणि नियंत्रक छपराखाली, जमिनीपासून उंच व हवेशीर जागी ठेवावेत. 230 व्होल्टच्या बाजूला अर्थिंग व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक आहे. उघड्यावरील दिवे किमान आयपी 65 दर्जाचे असावेत. तारांचे जोडही जलरोधक करावेत. दिव्याची धातूची पाठ तापते, म्हणून मखराचे कापड व माटोळी यांपासून तो दूर ठेवावा. नरकासुराच्या दहनापूर्वी मुख्य स्विच बंद करून दिवे व तारा उतरवून घ्याव्यात.