ओर्तोनाचा नाताळ

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, ओर्तोना नावाचे एक छोटे बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धाबद्दल आपण जे वाचतो त्यात नॉर्मंडी असते, स्टालिनग्राड असते, हिरोशिमा असते. ओर्तोना सहसा नसते. कॅनडाच्या सैनिकांच्या आठवणींत मात्र हे नाव पुन्हा पुन्हा येते. १९४३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या आठवड्यात, या गावात गल्लीगल्लीतून आणि घराघरातून जी लढाई झाली, ती लढलेल्यांनी पुढे म्हातारपणी सांगितली. ते सांगणे कसे होते, आणि आपल्याला त्याचे काय, यावर आज लिहायचे आहे.

गेली काही वर्षे रात्री जेवणे आटोपली की मी या सैनिकांच्या आठवणी वाचतो, ऐकतो. आमच्या घराण्यात फौजेत गेलेले कोणी नाही. महायुद्धाच्या काळात गोवा पोर्तुगालकडे होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. मी कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकून. दिवसभर हाताखालून सर्व्हिस बुके जातात. त्यांत माणसाची जन्मतारीख असते, उंची असते, ओळखीची खूण असते, रजा आणि बढत्या असतात. तो माणूस बोलायचा कसा, हे मात्र त्या बुकात कुठल्याच रकान्यात नसते. म्हणून असेल कदाचित, पण या म्हाताऱ्यांचे बोलणे मला धरून ठेवते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. तेव्हाच्या कॅनडाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत होती. त्यातून दहा लाखांहून अधिक माणसे गणवेशात गेली. १० जुलै १९४३ रोजी कॅनडाची पहिली डिव्हिजन सिसिलीत उतरली. इटलीच्या संपूर्ण मोहिमेत सुमारे ९३ हजार कॅनेडियन होते आणि त्यांतले सहा हजारांच्या आसपास तिथेच राहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ओर्तोनात लढलेले हे सगळे आपणहून भरती झालेले होते. सक्तीने भरती केलेल्यांना समुद्रापार लढायला पाठवण्याचा निर्णय कॅनडाने १९४४ च्या नोव्हेंबरात घेतला. मग हे का गेले? देश, साम्राज्य, साहस ही उत्तरे आहेतच. पण १९३० च्या दशकात मंदीने कामे गेली होती, गव्हाच्या प्रदेशात दुष्काळाने जमिनी उडून गेल्या होत्या, आणि फौजेत साध्या शिपायाला दिवसाला एक डॉलर तीस सेंट मिळत होते. बूट मिळत होते, तीन वेळचे जेवण मिळत होते. हे कारणही त्या पिढीच्या बोलण्यात येते. आपल्याकडच्या कुठल्याही फौजी गावाला हे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला मोरो नदी ओलांडण्यापासून ही लढाई सुरू झाली. नदी तशी लहान, पण पावसाने खोरे चिखलाने भरलेले. चित्रातली इटली म्हणजे ऊन, द्राक्षे, ऑलिव्ह! यांना मिळाला तो गुडघाभर चिखल, हाडात शिरणारी थंडी आणि आठवडेच्या आठवडे न वाळलेले कपडे. ते पार करून २० डिसेंबरला ते ओर्तोनाच्या वेशीवर पोहोचले. आत जर्मनीची पहिली पॅराशूट डिव्हिजन बसलेली. घरे सुरुंगांनी पाडून, ढिगाऱ्यांनी बाजूच्या गल्ल्या त्यांनी बंद केलेल्या. मोकळा ठेवला तो मुख्य रस्ता, म्हणजे शत्रूने त्याच रस्त्याने यावे आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून त्याला टिपावे.

पणजीचे फोंतेन्हस ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते डोळ्यांसमोर आणावे. अरुंद गल्ल्या, घराला घर चिकटलेले, दोन घरांत एकच भिंत. लॉयल एडमंटन रेजिमेंट आणि सीफोर्थ हायलँडर्स या दोन पलटणींनी रस्ता सोडला आणि ती भिंतच फोडायला सुरुवात केली. माडीवर स्फोटके लावायची, भगदाड पडले की आत हातबॉम्ब टाकायचा, धूर विरायच्या आत पलीकडच्या घरात शिरायचे, आणि वरून खाली एकेक खोली साफ करत यायचे. मग पुढचे घर. याला त्यांनी नाव दिले ‘उंदराची बिळे पाडणे’. अशा लढाईत शत्रू दिसत नाही, ऐकू येतो. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकते आहे, खुर्ची सरकवते आहे, आणि काही मिनिटांत त्या दोघांपैकी एकजण नसणार आहे.

आणि मग नाताळ आला. सीफोर्थच्या लोकांनी गावाच्या कडेला असलेल्या सांता मारिया दी कोस्तांतिनोपोली या चर्चमध्ये पंगत मांडली. पडझडीच्या घरांतून टेबले आणली, पांढऱ्या चादरी आणल्या, चिनी मातीच्या बशा आणल्या, मेणबत्त्या लावल्या. सूप, डुकराचे भाजलेले मांस, सफरचंदाची चटणी, फ्लॉवर, कुस्करलेले बटाटे, नाताळाचे पुडिंग आणि प्रत्येकाला बियर. एका अधिकाऱ्याला चर्चचा ऑर्गन वाजवता येत होता, त्याने नाताळाची गाणी वाजवली. लढाई थांबलेली नव्हती. म्हणून एकेक कंपनी आघाडीवरून यायची, जेवायची आणि उठून परत भगदाडांकडे जायची. मग दुसरी कंपनी बसायची. जेवून गेलेल्यांतले काही पुन्हा दिसले नाहीत. आपल्या गोव्यात नाताळ म्हणजे काय हे सांगायला नको. घरापासून हजारो मैलांवर, अंगावर आठवड्यांची घाण घेऊन, पांढऱ्या चादरीसमोर बसलेल्या त्या पोरांना काय वाटले असेल!

त्याच दिवसांत एडमंटनची एक तुकडी ज्या घरात होती ते घर जर्मनांनी आधीच पेरून ठेवलेल्या सुरुंगांनी उडवले. वीसहून अधिक माणसे गाडली गेली. त्यांतला एकजण तीन दिवसांनंतर ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. २७ च्या रात्री जर्मन निघून गेले आणि २८ डिसेंबरला गाव कॅनेडियनांच्या हाती आले. गाव म्हणजे काय उरले होते? ओर्तोनाचे तेराशेहून अधिक नागरिक या युद्धात मेले. तळघरांत लपलेल्या बायका आणि मुले सैनिकांच्या आठवणींत वारंवार भेटतात.

आता या आठवणींविषयी. प्रत्येक पलटण रोजची युद्धडायरी लिहीत असे. हवामान, ठिकाण, हुकूम, किती मेले, किती जखमी. तारीख हवी तर डायरीच पाहावी लागते. साठ वर्षांनी बोलणारा माणूस दिवस चुकतो, गावाचे नाव चुकतो, दुसऱ्याने सांगितलेले स्वतःचे म्हणून सांगतो. मग आठवणींचा उपयोग काय? फार्ली मोवॅट या लेखकाचे उदाहरण घेऊ. तो हेस्टिंग्स अँड प्रिन्स एडवर्ड रेजिमेंटमधला तरुण अधिकारी. १९५५ मध्ये त्याने आपल्या रेजिमेंटचा इतिहास लिहिला. त्यात पलटण आहे, पराक्रम आहे. स्वतःची भीती लिहायला त्याला १९७९ पर्यंत थांबावे लागले. त्या दुसऱ्या पुस्तकात आतून कुरतडणारा भीतीचा किडा आहे, आणि ते पुस्तक याच मोरो-ओर्तोनाच्या चिखलात संपते. माणूस तोच आणि लढाई तीच, पण पहिल्या पुस्तकातून जे सुटले ते दुसऱ्यात यायला चोवीस वर्षे गेली.

गप्प राहण्याला आणखी एक कारण होते. ४ जून १९४४ ला रोम पडले आणि दोनच दिवसांनी नॉर्मंडीत फौजा उतरल्या. सगळ्या जगाची नजर तिकडे गेली. इटलीतल्या सैनिकांना ‘डी-डे चुकवणारे’ असे कोणीतरी म्हटल्याची आवई उठली. त्यांनी रागाने तेच नाव स्वतःला घेतले आणि त्यावर उपरोधाचे गाणे रचले. घरी परतल्यावर नोकऱ्या, लग्ने, मुले. विचारणारे कोणी नव्हते, आणि विचारले तर सांगायचे कसे हेही कळत नव्हते. पुढे सरकारच्या निवृत्त सैनिक खात्याने मुलाखती टिपल्या. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेमरी प्रोजेक्ट’ने म्हाताऱ्या सैनिकांना शाळांत नेले आणि नंतर दोन हजारांहून अधिक जणांचे बोलणे साठवले. नातवंडांच्या वयाच्या मुलांनी विचारले तेव्हा कुठे ते बोलले. १९९८ च्या नाताळात काही जण पुन्हा ओर्तोनाला गेले, आणि त्या वेळी जेवणाला त्यांच्यासोबत जर्मन पॅराशूट डिव्हिजनचे म्हातारेही बसले.

इथपर्यंत ही कॅनडाची गोष्ट झाली. पण ओर्तोनाच्या लढाईचा नकाशा उघडला की कॅनेडियनांच्या डाव्या हाताला कोण होते ते दिसते. ८ वी भारतीय डिव्हिजन! मोरो नदीवर एका ठिकाणी पूल बांधणे अशक्य ठरले होते, कारण अलीकडच्या काठावर जागाच नव्हती. भारतीय सॅपर्सनी सामान पलीकडे नेले आणि शत्रूच्या काठावरून उलटा पूल बांधत आणला. त्या पुलाचे नावच ‘अशक्य पूल’ पडले. पुढे मे १९४४ मध्ये गारी नदीवर याच भारतीय डिव्हिजनच्या चढाईत कॅनडाचे रणगाडे सोबत होते, आणि एका रणगाड्याच्या पाठीवर आख्खा पूल लादून त्यांनी तो नदीवर नेऊन टाकला. शेजाऱ्यांनी एकमेकांचे पूल असे बांधले.

या ८ व्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ज्या रेजिमेंटचे केंद्र आमच्यापासून चोर्ला घाट ओलांडला की बेळगावात आहे, तीच ही. याच पलटणीचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बंधाऱ्यावर त्यांनी भर गोळीबारात दोन जखमींना सुरुंगांतून बाहेर काढले, मशीनगनच्या चौक्या मोडल्या, आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसऱ्या पलटणीचे यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने चौकी घेताना ते पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले.

इटलीत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ मेले. कॅनडाचे सहा हजारांच्या आसपास. म्हणजे मरणाचा आकडा जवळजवळ सारखाच. ओर्तोनाजवळ मोरो नदीच्या दफनभूमीत सोळाशेहून अधिक थडगी आहेत, बहुतेक कॅनडाची. तिथून थोडे दक्षिणेला सांग्रो नदीच्या दफनभूमीत एक स्मारक आहे, ज्यांचे धर्माप्रमाणे दहन झाले अशा पाचशेहून अधिक भारतीयांचे. नावे दोन्हीकडे दगडात कोरलेली आहेत, त्यात भेदभाव नाही. फरक आहे तो आवाजाचा. कॅनडाच्या शिपायाला चिखल कसा लागला, जेवणात काय होते, भीती वाटली तेव्हा त्याने काय केले, हे आज घरबसल्या ऐकता येते. सातारा-कोकणच्या शिपायाने त्याच चिखलात, त्याच डिसेंबरात काय पाहिले, हे ऐकायचे तर तेवढा मोठा साठा आपल्याकडे उभा राहिलाच नाही. त्याच्याकडून घरी जाणारे पत्रसुद्धा आधी सेन्सॉर वाचत असे. उरली ती पदकाची प्रशस्ती, तीही इंग्रजीत, साहेबाने लिहिलेली.

१९४३ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरी ओलांडलेला असेल. ती वेळ गेली. पण १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढलेली माणसे अजून आहेत. बेळगाव, चंदगड, सिंधुदुर्ग भागात कुणाच्या ना कुणाच्या शेजारी एखादे निवृत्त सुभेदार, एखादे हवालदार राहतात. स्वातंत्र्यदिनाला शाळेत आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, दोन शब्द बोलायला सांगतो, आणि ते बिचारे देशभक्तीवर दोन शब्द बोलून खाली बसतात.

कॅनडाच्या मुलाखतींतून मी एक शिकलो. पराक्रम विचारला की माणूस गप्प होतो किंवा पुस्तकातले बोलतो. बूट विचारा, जेवण विचारा, घरचे पत्र किती दिवसांनी यायचे ते विचारा, पहिली रात्र कशी गेली ते विचारा. “आबा, तिथे थंडीत तुम्ही चहा कशावर करत होता?” एवढा प्रश्न सुरुवातीला पुरतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा, आणि बोलणे चुकले तरी मध्ये अडवू नका. तारखा कागदात सापडतील, त्या आम्ही कारकून शोधून देऊ.