हिरवळीवरच्या चाकाची बखर

ट्रॅक्टरच्या पाठीमागे जोडून हिरवळ एकसारखी कातरणारे जे यंत्र अमेरिकेत ‘फिनिश मोअर’ या नावाने विकले जाते, त्याच्या पात्यांच्या पेटीला बहुधा चार लहान चाके असतात. आणि या चाकांचे टायर झिजले, तडकले अथवा काट्यांनी त्यांची चाळण झाली म्हणजे त्यांच्या जागी कोणते घालावेत, हा प्रश्न दुकानदाराच्या गल्ल्यापाशीच निकालात निघावा इतका क्षुल्लक वाटतो. तथापि गवत कापणाऱ्या यंत्राच्या चाकाकडे आरंभी कोणकोणती कामे होती आणि त्यांपैकी कोणती कोणत्या काळी त्याच्याकडून काढून घेतली गेली, याचा वृत्तान्त ज्याला ठाऊक नाही, तो या निवडीत हमखास भलत्याच गोष्टीला महत्त्व देतो, असे माझे मत आहे.

यंत्राचा जन्म बागेत झाला नाही. तो कापडाच्या गिरणीत झाला. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड ही लोकरी कापडाची जुनी पेठ. तेथे विणून आलेल्या बनातीवरची लव सारखी कातरण्यासाठी फिरत्या पात्यांचा एक दंडगोल वापरीत. जवळच्या थ्रप गावचा कारागीर एडविन बडिंग याने हाच दंडगोल कापडाऐवजी गवतावर चालविण्याची कल्पना काढली आणि 1830 साली तिची सनद मिळविली. तोपर्यंत श्रीमंतांची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई. कोरडे गवत पात्यापुढे वाकते म्हणून मजुरांना दव असतानाच, भल्या पहाटे, हे काम उरकावे लागे आणि तरीही विळ्याचे फटकारे जमिनीवर चंद्रकोरीसारखे उमटून राहत. बडिंगच्या यंत्रात मागे एक जड लोखंडी रूळ होता. माणूस यंत्र ढकलीत चालला की रूळ फिरे आणि दातेरी चक्रांच्या योगाने तीच गती पात्यांच्या दंडगोलाला मिळे. दुसरा एक लहान रूळ वरखाली करून गवत किती उंच राखावयाचे ते ठरविता येई. अर्थात भार वाहणे, पाती फिरविणे आणि उंची मापणे ही तिन्ही कामे जमिनीवरून फिरणाऱ्या या रुळांकडेच होती. (आंट्यांनी जबडा सरकविता येणाऱ्या पान्याचे श्रेयही याच बडिंगला दिले जाते, सबब त्याच्या यंत्राच्या वंशजाचे चाक सोडविताना हाती येणारे हत्यारही त्याचेच, असे म्हणावयास हरकत नाही.)

मोठ्या हिरवळींसाठी माणसाचे बळ अपुरे पडू लागले, तेव्हा स्कॉटलंडातील आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्स याने 1842 च्या सुमारास तट्टाने ओढण्याचे रुंद यंत्र तयार केले. येथे जी अडचण उभी राहिली, तिचा या विषयाशी फार निकटचा संबंध आहे. गवत उत्तम कापले जाई, पण तट्टाच्या खुरांचे ठसे ओलसर जमिनीत उमटत आणि ज्या शोभेसाठी हा सारा खटाटोप तीच नासत असे. त्यावर उपाय म्हणून घोड्यांच्या चारी पायांत चामड्याचे जाड, सपाट तळाचे जोडे चढविण्याची चाल पडली. जनावराचा भार रुंद तळव्यावर पसरावा म्हणजे जमीन दबणार नाही, हे तत्त्व बागवानांना असे घोड्याच्या जोड्यांवरून अवगत झाले. चाकाच्या बाबतीत तेच तत्त्व अंमलात यावयास मात्र आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

दरम्यान गोल्फचा खेळ अमेरिकेत फोफावला. पेनसिल्व्हेनियात शॉनी येथे चार्ल्स कॅम्पबेल वर्दिंग्टन या धनिक यंत्रज्ञाने स्वतःचे गोल्फचे मैदान उभारले आणि त्याच्या निगराणीसाठी पात्यांचे तीन स्वतंत्र दंडगोल एका चौकटीत असे जोडले की जमिनीच्या चढउतारांप्रमाणे प्रत्येक दंडगोल आपापल्या जागी वरखाली होई. हे यंत्र प्रथम घोडा ओढी, मागाहून ट्रॅक्टर ओढू लागला. परंतु पाती अजून चाकांच्याच फिरण्यावर अवलंबून असल्याकारणाने चाक घसरून भागत नसे.

हवेचा टायर तोवर जुना झाला होता. बेलफास्ट येथे राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्याने 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो सिद्ध केला होता, आणि त्याच्याही पूर्वी 1845 साली रॉबर्ट थॉमसनने तशीच सनद घेतली होती. शेतातला ट्रॅक्टर तथापि 1930 पर्यंत लोखंडी चाकांवर, त्यांच्या अणकुचीदार दात्यांसह, धडधडत होता. हे दाते नांगरटीत पकड देत, पण सडका उखडीत आणि झाडांची मुळे तोडीत. म्हणून फ्लॉरिडातील संत्र्यांच्या बागाईतदारांनी ट्रकचे जुने टायर हवेवाचून, नुसतेच, लोखंडी चाकांवर चढवून पाहिले होते. पुढे 1932 साली अॅलिस-चामर्स कंपनीच्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला फायरस्टोनचे विमानाचे टायर बसवून प्रयोग झाले. त्यांत हवेचा दाब मुद्दाम अल्प, दर चौरस इंचास 15 पौंडांच्या आसपास, ठेवला होता. त्यामुळे टायर जमिनीवर पसरून पकड घेई. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबराने नांगर ओढला जाईल ही गोष्ट त्यांना थट्टेची वाटे. तेव्हा कंपनीने ट्रॅक्टरांच्या शर्यतीच लावल्या आणि 1933 साली बार्नी ओल्डफील्ड या नामांकित मोटारशर्यतपटूने रबरी चाकांवरचा ट्रॅक्टर ताशी 64 मैलांहून अधिक वेगाने पळवून दाखविला. या कसरतीचा शेतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली, हे खरे. महायुद्धात 1942 साली मलाया व जावा-सुमात्रा जपानच्या ताब्यात गेल्यावर रबराची चणचण पडली आणि नवे ट्रॅक्टर काही काळ पुन्हा लोखंडावर आले, तेवढाच काय तो खंड. अमेरिकेतील ग्रॉफडेल शाखेचे मेनोनाइट शेतकरी मात्र ट्रॅक्टरला आजही लोखंडी चाकेच लावतात. रबरी चाके असली की माणूस ट्रॅक्टर घेऊन गावात जाऊ लागेल, अशी त्यांच्या पंथाला धास्ती आहे, आणि ओल्डफील्डची शर्यत ध्यानात घेता ती सर्वथा निराधार म्हणता येत नाही!

आपल्याकडे रबरी टायर शेतावर आला तो ट्रॅक्टरच्या जोडीने बैलगाडीच्याही मार्गाने. लाकडी चाकावर लोहाराने तापवून चढविलेली लोखंडी धाव जाऊन तेथे हवेचा टायर आला, आणि साखर कारखान्यांच्या मुलखात तर ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांची ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’ अशी वर्गवारीच रूढ झाली. तेथे प्रश्न ओझ्याचा आणि बैलाच्या खांद्याचा होता. हिरवळीवरचा प्रश्न निराळा.

तो निराळा कसा झाला, हे पाहू. पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरच्या इंजिनातून मागच्या अवजाराला परस्पर गती देणारा फिरता दांडा, म्हणजे पी.टी.ओ., प्रचारात आला. 1939 साली फोर्डच्या ट्रॅक्टरावर हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी आली आणि अवजार उचलण्याची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर आडव्या पात्यांची फिरती यंत्रे ट्रॅक्टरमागे दिसू लागली. पाती आता इंजिन फिरवी; यंत्र ट्रॅक्टर ओढी. बडिंगच्या काळापासून चालत आलेला पाती फिरविण्याचा अधिकार चाकाकडून असा काढून घेण्यात आला, आणि त्याच्याकडे उरले ते पेटीचा भार जमिनीवर पसरणे आणि उंची मापणे.

टायरची निवड या दोन गोष्टींवरून करावी. पण गिऱ्हाईक दुकानात शिरते ते पंक्चरच्या भीतीने, आणि भरीव टायर मागून मोकळे होते. भरीव टायरात जुन्या टायरांचे तुकडे कापून, एकावर एक दाबून केलेला प्रकार अतिशय चिवट असतो. रान तोडणाऱ्या यंत्रांच्या शेपटीकडच्या चाकाला विमानांचे वापरून झालेले टायरही लावतात, म्हणजे 1932 च्या प्रयोगातला वाण तेथे अद्याप टिकून आहे. काटेरी रानात हे योग्यच. परंतु बागेतल्या मऊ जमिनीवर भरीव टायर अरुंद पट्टीवर दाब देतो, चाकोरी उमटवितो, आणि प्रत्येक धक्का जसाच्या तसा चाकाच्या काट्यावर व बेअरिंगवर पोहोचवितो. शँक्सच्या तट्टाचे खूर येथे परत आले, असेच समजावे.

उंचीचा हिशेब तर याहून नाजूक आहे. टायरच्या कडेवर 13×5.00-6 असे लिहिले असेल, तर पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा रुंदी आणि तिसरा रिमचा व्यास, सर्व इंचांत. या जागी 11 इंची टायर बसविला, तर आस दोन इंचांच्या निम्मा, म्हणजे एक इंच, खाली येतो आणि पेटीचा तो कोपराही त्याबरोबर झुकतो. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस झिजलेला टायर असला, तरी न्यूनाधिक प्रमाणात हेच घडते. हिरवळीवर पायऱ्या पडतात आणि मालक पात्यांना धार लावीत बसतो. हवेच्या टायरात एका बाजूची हवा कमी झाली की परिणाम तोच. सबब टायर जोडीने बदलावेत, जुन्या टायरच्या कडेवरचे आकडे उतरवून घेऊन मगच दुकान गाठावे, तुंब्याची रुंदी आणि आसाची जाडी मोजून न्यावी, आणि पंक्चरचा फारच त्रास असेल तर भरीव टायरापूर्वी ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव घालून पाहावा. ज्याच्या जमिनीत बाभळीसारखे काटे नाहीत, त्याने हवेचाच टायर घ्यावा.