बाबेलचा बंदिवास: सुटका नेमकी कोणी केली?

आज आपण अडीच हजार वर्षं मागे जातोय, बाबेलला. म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला.

इ.स.पू. ५९७. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेम घेतो आणि यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन, त्याचे दरबारी, सैनिक, कारागीर, लोहार अशा सगळ्यांना उचलून नेतो. ११ वर्षांनी शहर जळतं, मंदिरही उरत नाही. आणखी लोक नेले जातात.

तेव्हाची समजूत साधी होती. ज्याचं सैन्य जिंकलं, त्याचा देव मोठा. मग आपला देव हरला का? बंदिवानांचा आक्रोश फक्त घरासाठी नव्हता, या प्रश्नासाठीही होता. त्यांच्या संदेष्ट्यांनी उत्तर दिलं: देव हरला नाही, आपणच अन्यायाने वागलो. पण जो शिक्षा करतो, तोच हाकही ऐकतो.

यिर्मया संदेष्ट्याने या लोकांना पत्र पाठवलं. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्याचं भलं मागा, असा त्याचा सूर. सुटका होईल, पण ७० वर्षांनी! मला हे पत्र आवडतं, कारण त्यात खोटा दिलासा नाही.

आणि लोकांनी तसंच केलेलं दिसतं. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाची चक्क नोंद आहे. दुसऱ्या काही पाट्यांत 'यहूदा-गाव' अशा अर्थाच्या नावाची वस्ती भेटते. तिथले यहूदी शेती करतायत, कर भरतायत, करार करतायत. म्हणजे हा बंदिवास अंधारकोठडीतला नव्हता. परक्या मातीत, परक्या राजाच्या हुकमाखाली जगणं होतं ते.

इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या सायरसने बाबेल जिंकलं. मराठी बायबलमध्ये त्याला कोरेश म्हणतात. त्याने यहुद्यांना परत जायची, मंदिर बांधायची परवानगी दिली. यशयाच्या ग्रंथात या परक्या राजाला देवाचा 'अभिषिक्त' म्हटलंय!

गंमत पुढे आहे. १८७९ मध्ये बाबेलला सायरसचा मातीचा लेख सापडला, मक्याच्या कणसासारख्या आकाराचा. २०१३-१४ मध्ये तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. त्यात देवांना आपापल्या देवळात आणि लोकांना आपापल्या घरी पाठवल्याचं लिहिलंय. पण श्रेय दिलंय बाबेलच्या मार्दूक देवाला. यहुद्यांचा उल्लेखही नाही.

मग सुटका केली कोणी? इतिहासकार म्हणतील, राजकारणाने. स्थानिक देव आणि पुजारी खूश, तर साम्राज्य शांत. पण बंदिवानांना हे राजकारण कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की देवाची दया परक्याच्या हातूनही येऊ शकते. हरलेल्या लोकांनी असं म्हणणं ही मोठी गोष्ट आहे.

परतणं मात्र अर्धंच झालं. एज्राच्या पुस्तकात परतणाऱ्यांचा आकडा आहे ४२,३६०. बरेच जण बाबेललाच राहिले. स्वतःचा राजा परत मिळाला नाही, कर आता पर्शियाला जायचा. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा जुनं मंदिर पाहिलेली म्हातारी माणसं मोठ्याने रडली आणि बाकीचे आनंदाने ओरडले. एज्रा सांगतो की रडणं कुठलं आणि जल्लोष कुठला, ते ऐकणाऱ्याला वेगळं करता येईना.

तुम्ही त्या गर्दीत असता, तर कुठल्या बाजूला असता? विचार करा. भेटू पुढच्या भागात!