पाणचक्कीचे पाणी

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला गेलेला माणूस चक्कीचे जाते पाहतो नि परत फिरतो. मला विचाराल तर खरी पाहण्याजोगी गोष्ट पुढच्या हौदाखाली आहे.

हौदाचा तळ हेच तिथल्या खालच्या दालनाचे छत! जाड दगडी खांबांवर सारे पाणी तोललेले. बाहेर मराठवाड्याचा वैशाख पेटलेला असला तरी डोक्यावर पाणी असल्यामुळे दालनात गारवा राहतो. बाबा शाह मुसाफिर या सुफी संतांच्या दर्ग्याचे हे आवार. दुरून चालत आलेले यात्रेकरू या दालनात पाठ टेकीत.

चक्की १७४४ च्या सुमारास झाली. घरोघर बायाबापड्या पहाटेच्या अंधारात जात्याला बसत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, दोन-तीन कोस चालत येई. भिंतीतून वर चढे आणि हौदात कोसळे. त्यातलेच काही पाणी खालच्या पात्यांवर सोडीत. पाते फिरले की उभा कणा फिरे, कण्याबरोबर जात्याची वरची तळी. ना बैल, ना सरपण! फकिरांचे, वाटसरूंचे पीठ असे निघे, आणि उरलेले पाणी खाम नदीला मिळे. एकाच पाण्याने दळण केले, तहान भागवली, वजू करवला, वर सावलीला गारवाही दिला.

ही विद्या या गावाला नवी नव्हती. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच हे शहर. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने भूमिगत नहर खोदवून गावाला पाणी दिले. पुढे अशा आणखी नहरी झाल्या.

गुरुजी, आपल्यापैकी कित्येकांची शाळा पत्र्याखाली भरते. एप्रिलात दुपारी मुले कशी कोमेजतात ते आपणांस ठाऊक आहेच. शाळेच्या छतावर हौद बांधा असे मी म्हणत नाही. तेवढे वजन पेलायला तसे खांब लागतात. पण जाड भिंत, पश्चिमेला झाड, वारा खेळेल अशा समोरासमोर खिडक्या, एवढे इमारतीचा आराखडा गावात येतो तेव्हा मागता येते. मागायचे ते तेव्हाच. स्लॅब पडल्यावर कोण ऐकतो?

नहरींचे मात्र हाल झाले. शहर वाढले, वरून रस्ते गेले, पाये खणताना नळ फुटले. बऱ्याच नहरी बुजल्या. थोड्या अजून वाहतात, आणि पाणचक्कीची नहर त्यांपैकी एक आहे.