उसाच्या बुडख्याशी अमोनिया

अमोनिया म्हटले की कोल्हापूरकराला बर्फाचा कारखाना आठवतो, नाहीतर दुधाचे शीतकरण केंद्र. ऊस आठवत नाही. वास्तविक पंचगंगाकाठच्या उसाला पोत्यातून मिळणारे बहुतेक नत्र कारखान्यात आधी अमोनियाच असते.

१९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात वेगळीच रीत रुजली. दाबाखाली द्रवरूप ठेवलेला निर्जल अमोनिया टाकीतून थेट शेतात न्यायचा आणि ट्रॅक्टरच्या फाळामागील नळीतून जमिनीत सोडायचा. त्यात नत्र ८२ टक्के. युरियात ४६, अमोनियम सल्फेटमध्ये जेमतेम २१.

पण हा द्रव उणे ३३ अंशांनाच उकळतो आणि ओल शोधत जातो. डोळे, घसा, फुप्फुसे भाजून काढतो. म्हणून तेथे बंद चष्मा, हातमोजे आणि टाकीजवळ स्वच्छ पाणी लागतेच. अंगावर उडाला तर निदान १५ मिनिटे पाण्याने धूत राहायचे.

भारताने पोत्याची वाट धरली. सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये अमोनियम सल्फेट काढू लागला. १९६५ मध्ये ट्रॉम्बेचा सुरू झाला. गुंठ्यांनी मोजायच्या रानात पोते डोक्यावरून नेता येते, दाबाची टाकी नेता येत नाही.

डोळ्यांवरचा धोका असा टळला, पण खिशावरचा राहिला. ओल्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया मातीतील विकरामुळे पुन्हा अमोनिया होतो आणि हवेत जातो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातला दहावा हिस्सा उडाला, तरी ४५ किलोची जवळजवळ दोन पोती गेली.

यावरचा उपाय आपल्याकडे आहे, तो म्हणजे पहार. खोडव्यात बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडायचे, खत घालायचे आणि मातीने बुजवायचे. मिसिसिपीचा फाळही साधारण तेवढ्याच खोलीवर अमोनिया सोडतो. मजुरी परवडत नाही म्हणून खत फेकणाऱ्याने त्या दोन पोत्यांची किंमतही हिशेबात धरावी.